मेथी बठनी

पोलीस ठाण्यातून फोन येतो तेव्हा पलीकडचा आवाज नेहमी गोड असतो. "मॅडम, उद्या शांतता समितीची मीटिंग आहे. यायचं बरं का. लेडीज पाहिजेत." लेडीज पाहिजेत म्हणजे मी पाहिजे, कारण आमच्या भागातून समितीवर दुसरी बाई आता उरलेली नाही. मी हो म्हणते, फोन ठेवते, आणि घरात पुन्हा शांतता होते. माझ्याइतका या विषयाचा अनुभव धुळ्यात कुणाला असेल असं वाटत नाही. सकाळी कुकरची शिट्टी आणि संध्याकाळी मुलाचा पुण्याहून फोन, एवढे दोन आवाज सोडले तर माझ्या घरात दिवसभर शांतताच असते. समिती नसली तरी असते.

ही जागा खरं तर माझ्या यजमानांची. ते होते तोवर गणपती, ईद, सगळ्या मीटिंगांना तेच जायचे. ते गेले आणि दोन-तीन महिन्यांत हवालदार घरी आला. समितीत महिला असायलाच हव्यात असं वरून आलं होतं, आणि एक खुर्ची रिकामी होतीच. म्हणजे नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागावं तशी मी शांततेच्या कामाला लागले. आमच्याकडे श्रावणात कानबाई ही देवी बसते, तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते. यजमान गेल्यावर मी एकट्या मुलाच्या नावाने मूठ घेते, आणि तो पुण्यात असल्यामुळे रोट मीच खाऊन संपवते, कारण ते भाऊबंदांबाहेर कुणाला देता येत नाहीत. समितीचंही तेच होतं. मूठ दुसऱ्याच्या नावाची, खाणारी मी.

पहिल्या मीटिंगला मला पहिल्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसवलं. पुढाऱ्यांची भाषणं झाली. सगळे सण कसे गुण्यागोविंदाने साजरे करतो ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. मग साहेब म्हणाले, "ताई, तुम्हीही दोन शब्द बोला." मी उठून बरोबर दोन शब्द बोलले, "शांतता राखा," आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून मात्र एक खुसखुस ऐकू आली. वळून बघितलं तर काळ्या बुरख्यातली, माझ्याच वयाची एक बाई तोंडावर रुमाल धरून हसत होती. समितीतली दुसरी बाई ती. फोटोच्या वेळी आम्हा दोघींना साहेबांच्या दोन बाजूंना उभं केलं, देवळाच्या दारातल्या हत्तींसारखं. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "अक्का, तुन्हा भाषण बठ्ठास्मा भारी व्हतं." बठ्ठास्मा म्हणजे सगळ्यांत.

माझं माहेर भडगावचं. मी लहानपणी अहिराणीच बोलायचे, पण शिकले, शाळेत मास्तरीण झाले, आणि ती भाषा माझ्या तोंडातून हळूहळू गेली. या बाईची अहिराणी माझ्यापेक्षा अस्सल होती. घरात ती त्यांची हिंदी बोलायची, पण बाजारात, दारात, भांडणात अहिराणी. सगळे तिला आपा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. फॉल-पिको करायची. आमची गल्ली आणि त्यांची गल्ली जिथे मिळते तिथे पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या त्या बाजूला तिचं घर, या बाजूला माझं. इतकी वर्षं माझ्या साड्यांना फॉल तिच्याच मशीनवर लागत होता, पण मधल्या दुकानदारामार्फत. एवढ्याजवळ राहूनही आमची ओळख व्हायला पोलीस ठाणं लागलं.

आमचं खरं काम सुरू झालं ते मात्र समितीत नाही. एका हिवाळ्यातली दुपार होती. मी भाजी घेऊन येत होते, आणि रस्त्यावर शटर पडायला लागली. ज्यांनी हे शहर पाहिलंय त्यांना तो आवाज सांगायला नको. एक शटर पडलं की माणूस वळून बघतो, पाठोपाठ पडायला लागली की पळतो. कुणाचा तरी फ्लेक्स फाटला होता म्हणे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरं जमली होती, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीही. मधे बंद गिरणी, आणि गिरणीसमोर थैली धरून मी. पाय हलेनात. तेवढ्यात आपा घरातून आली, माझा दंड धरला आणि मला गिरणीच्या पायरीवर बसवलं.

"घर जाऊ नको आते. आठे बठ. तुन्हा हात कापी ऱ्हायनात, काम दे त्यास्ले. मेथी शे ना थैलीमा? काढ."

मी जुडी काढली. तिने तिचे दोन भाग केले, एक माझ्या पदरात टाकला, एक स्वतःच्या ओढणीत घेतला. आणि आम्ही मेथी निवडायला लागलो. बसलो अशा की ती आमच्या गल्लीकडे तोंड करून आणि मी त्यांच्या गल्लीकडे. ठरवून नाही, समोरासमोर बसलं की असंच होतं. मला तिच्या खांद्यावरून त्यांची पोरं दिसत होती, तिला माझ्या खांद्यावरून आमची. मी जाम घाबरले होते, हे आज सांगायला लाज वाटत नाही. पण ती बोलत राहिली. भाव काय लावला, देठं किती टाकायची, तुमच्यात मेथीत शेंगदाण्याचा कूट घालतात की मुगाची डाळ. वरच्या खिडक्यांतून बायका बघायला लागल्या. एका बाईने आमच्या गल्लीतून हाक मारली, "अक्का, काय व्हयनं?" आपानेच उत्तर दिलं, "काय नही व्हयनं वं. मेथी निवडी ऱ्हायनूत."

त्या बाईने खाली येऊन आपल्या मुलाचा कान धरला आणि त्याला घरात नेलं. दुसरीने हाका मारल्या. पलीकडच्या गल्लीतूनही हाका सुरू झाल्या. पोरांची मोठी पंचाईत झाली. दगड हातात घ्यायचा तर मधे दोन म्हाताऱ्या भाजी निवडतायत, आणि त्यातली एक आपल्या बाजूची. हळूहळू पोरं पांगली. पोलिसांची गाडी आली तेव्हा आमची जुडी संपत आली होती. साहेबांनी पुढच्या मीटिंगमध्ये त्या दिवसाचं श्रेय पोलिसांच्या संचलनाला दिलं. आपाने माझ्या मांडीला चिमटा काढला.

तेव्हापासून बायकांनी ते धरून ठेवलं. कुठे काही कानावर आलं, कुठे आवाज चढले, की आधी आम्हा दोघींना फोन. आम्ही बसलो की दोन्ही गल्ल्यांमध्ये, माहेरी, शाळेत, कारखान्यात निरोप जायचा: "मेथी बठनी." मेथी बसली, म्हणजे घाबरू नका, घरी या, रस्ता चालू आहे. हंगाम नसला तर आम्ही गवार मोडायचो, शेंगा फोडायचो, काहीच नसलं तर तांदूळ निवडायचो. शब्द मात्र मेथीच राहिला. नव्या सुना लग्न होऊन यायच्या त्यांना सासवा आधी नळाची वेळ सांगायच्या आणि मग मेथीचं सांगायच्या. ठाण्यात हे कुणालाही माहीत नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आमच्यामागे बॅनर लावला असता.

दर वेळी जमलं असं नाही. एकदा आम्ही पोचायच्या आधीच दगड पडले, आणि आपाच्या कपाळाला खोक पडली. दगड कुठल्या बाजूने आला ते मला दिसलं होतं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. टाके घालून आल्यावर ती पुन्हा येऊन बसली, तेव्हा तिला शेंगा फोडायला देताना मला फार रडू आलं होतं.

यजमान गेल्यानंतरच्या त्या वर्षांत मला कुणी विचारलं असतं की तू कशासाठी उठतेस, तर मी देवाचं नाव घेतलं असतं. पण खरं कारण ती पायरी होती. भानगड नसली तरी आम्ही संध्याकाळी तिथे भेटायचो. मुलगा म्हणायचा, "आई, तिथे एकटी काय करतेस? ये इकडे." मी म्हणायचे, "मी एकटी नाहीये."

मग आपाच्या मुलाला सुरतेला काम मिळालं. घर विकायचं ठरलं. तिने मला हे मशीनवर बसल्या बसल्या, सुईत दोरा ओवताना सांगितलं, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये. मला भयंकर राग आला. तिचा, तिच्या मुलाचा, सुरतेचा. मी म्हणाले, "जा ना मग. कुणी अडवलंय?" ती म्हणाली, "मी गयी तं तू एकली बठशी का?" मी फणकाऱ्याने म्हणाले, "बठसू." ज्या दिवशी टेम्पोत सामान भरलं त्या दिवशी मी घराचं दार लावून बसले होते. तिने दार वाजवलं तेव्हा मात्र उघडलं. तिने मेथीची एक जुडी माझ्या हातात दिली आणि ती गेली. ती जुडी मी निवडली नाही. पिवळी पडली, मग टाकली.

सुरुवातीला रोज फोन व्हायचे. मग सुरतेच्या घरात जागा कमी, नातवंडांचा गोंगाट, फोन मुलाचा. आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. समितीत मी पुन्हा एकटी हत्ती झाले. आणि गिरणीच्या पायरीवर एकट्या बाईने बसायला काही कारणच उरलं नाही. बसलंच तर लोक विचारायचे, "अक्का, दळण राहिलं का?"

श्रावण लागायच्या आधी मुलगा येऊन गेला. म्हणाला, यंदा तुला न्यायचंच. खोली तयार आहे. या वेळी मी भांडले नाही. म्हटलं, कानबाई होऊ दे. मनात स्वतःशी ठरवलं होतं की या कोपऱ्याला माझी गरज नसेल तर मीही जाते. दोन गल्ल्यांमध्ये कुणाला आपली गरज आहे, ही एवढीच माझी मिळकत होती. ती संपली असेल तर कुलूप लावायला हरकत नव्हती.

कानबाईच्या आधीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, "कानबाईच्या विसर्जनाचं काय? तोच रस्ता आहे." एक पुढारी हसले. "अहो ताई, ती बायकांची मिरवणूक. बायकांच्या मिरवणुकीत काय होणार?" साहेबही हसले. पालथ्या घड्यावर पाणी. गणपतीचं बोलणं पुढे सुरू झालं.

कानबाई श्रावणात एका रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर नेतात. नारळाला मुखवटा, नथ, साडी, आणि ती सजलेली देवी पाटावर ठेवून बायका डोक्यावर घेतात. पुढे वाजंत्री, फुगड्या, नवीन साड्या. वर्षभर घरात वाकलेल्या बायका त्या दिवशी रस्ता अडवून नाचतात, आणि मला ते फार आवडतं. मी घरात कानबाई बसवत नाही, फक्त रोट करते. पण शेजारणीची कानबाई निघाली की तिच्यासोबत जाते.

त्या सोमवारी मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता. कुठल्यातरी गावात कानबाईच्या मिरवणुकीवर काही फेकलं म्हणे. तो व्हिडिओ कुठला, केव्हाचा, ते नंतर कळलं, तो आपल्याकडचा नव्हताच. पण तेव्हा शटर पडायला लागली. वाजंत्री बंद झाली. शेजारीण डोक्यावर देवी धरून उभी, दोन्ही हात वर, घामाने कुंकू ओघळलेलं. पोरांनी बायकांच्या पुढे यायला सुरुवात केली. "आम्ही पुढे राहतो, तुम्ही मागे व्हा." पलीकडच्या गल्लीतही हालचाल दिसली. मी घरात पळाले, टोपलीतली गवार घेतली, आणि जाऊन गिरणीच्या पायरीवर बसले. माझ्या नेहमीच्या जागी, त्यांच्या गल्लीकडे तोंड करून.

गवार मोडायला लागले. कुणी हाक मारेना. वर बघितलं तर त्यांच्या गल्लीतल्या खिडकीतून एक बाई माझ्याकडे बघत होती, तिच्या लग्नापासून मी तिला ओळखते. ती आत वळून कुणाला तरी म्हणाली, आणि गल्ली इतकी चिडीचूप होती की मला स्पष्ट ऐकू आलं, "अक्का भी अब पहरा देने लगी." आणि तिने खिडकी लावून घेतली.

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पण तिचं काय चुकलं? मागे पोरं, मागे मिरवणूक, आणि पुढे मी त्यांच्या दारांकडे डोळे लावून बसलेली. समोर आपा असती तर ते बसणं होतं. ती नाही तर तो पहाराच. माझ्या मागच्या पोरांतला एकजण खुशीत म्हणालाही, "अक्का, लक्ष ठेव." मग मला कळलं की मी इथे बसून आगीत तेलच ओततेय.

मी उठले. गवार पदरात गोळा केली आणि त्यांच्या गल्लीत शिरले. मागून कुणीतरी ओरडलं, "अक्का, कथा जाई ऱ्हायनी?" कुठे ते न सांगता मी चालत राहिले. पाय त्या पहिल्या दुपारसारखेच जड झाले होते, पण आता दंड धरायला कुणी नव्हतं. आपाच्या घराला नव्या मालकाने लोखंडी गेट बसवलंय, ओटा मात्र तोच. मी ओट्यावर जाऊन बसले, आणि या वेळी तोंड केलं आमच्या गल्लीकडे.

इतक्या वर्षांत मी माझी गल्ली तिथून पाहिली नव्हती. आपा हे बघायची. आमची पोरं, कपाळावर टिळे, हातात काठ्या, ओठ घट्ट मिटलेले. मी ज्यांना बाराखडी शिकवली ती पोरं. त्यांच्याकडे तोंड करून ती शेंगदाण्याचा कूट आणि मुगाची डाळ यावर बोलत होती. मला वाटायचं की ती न घाबरणारी आहे. तिला किती भीती वाटत असेल, ते मला तेव्हा तिच्या ओट्यावर बसून कळलं.

गेटमागचं दार उघडलं. एक तरुण बाई, कडेवर तान्हं मूल. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "किसके पास आए?"

"किसीके पास नही," मी म्हणाले. "जरा बैठती हूं."

ती घाबरलेली होती. तिला मेथीचं कुणी सांगितलेलं नसणार, नवीनच आलेली. तिने दार लावलं. क्षणभराने परत उघडलं, गेटच्या गजांतून पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला, आणि पुन्हा लावलं. बसली नाही. तिच्याकडून ती अपेक्षा करणंही बरं नव्हे.

मी गवार मोडत राहिले. वरची ती खिडकी थोडीशी उघडली. मग पूर्ण उघडली. गवार मोडताना होतो तेवढाच आवाज गल्लीत होता. मग वरून तीच बाई म्हणाली, जरा ओशाळून, "अक्का, क्या चल रहा?" मी वर न बघता म्हणाले, "गवार मोडी ऱ्हायनू. तुन्हा सैपाक व्हयना का?" तिने आत हाक मारली, मग खाली, मग समोरच्या घरात. त्या गल्लीतली पोरं मागे सरकली. पलीकडे आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारणीने डोक्यावरच्या देवीसकट मान वळवली, मला बघितलं, आणि पुढे आलेल्या पोरांना खणखणीत आवाजात म्हणाली, "सरका रे बाजूले. मेथी बठनी. देवी मन्ही शे, मीच पुढे जासू."

वाजंत्री सुरू झाली. मिरवणूक गिरणीवरून वळून नदीकडे गेली. खिडक्यांतून लोक बघत होते, एक छोटी मुलगी कठड्याला धरून नाचलीही. मी मिरवणुकीबरोबर गेले नाही. ओट्यावरच बसून राहिले. पोलिसांची गाडी आली, साहेब काच खाली करून म्हणाले, "मॅडम, इथे कशा? बघा, आपल्या भागात एकदम शांतता." मी म्हटलं, "हो साहेब. घरीसुद्धा."

घरी आले, तांब्या परत करायचा राहिला म्हणून पुन्हा जाऊन आले. त्या तरुण बाईने तो घेतला, हसली, आणि दार लावलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी म्हटलं, "नाही येत रे. इथे एका नव्या मुलीला काही गोष्टी सांगायच्या राहिल्यात." तो वैतागला. त्याला कसं समजावणार? रोटाचं ताट समोर होतं, एकटीने खायचं.

मग सुरतेहून फोन आला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, बायकांचे निरोप कुठे थांबतात?

"बठनी व्हती का?" आपाने विचारलं.

"बठनी व्हती."

"कोनसंगे?"

मी टोपलीकडे बघितलं. ओट्यावर ओतलेली गवार मी पदरात घालून घरी आणून तिच्यात ठेवली होती. ओट्यावर सवयीने तिचे दोन ढीग केले होते, आणि तिथे बसून मी फक्त माझाच मोडला होता. दुसरा तसाच होता, देठासकट. तो मला तोपर्यंत दिसलाच नव्हता.

"अक्का? कोनसंगे बठनी व्हती?"

"तुन्हा वाटानी गवार तशीच शे," मी म्हणाले, आणि तिच्या वाट्याचा तो ढीग पुढ्यात ओढला.